सुंठेच्या बाहुलीचा पहिला घास

एक होतं नगर आणि त्या नगरात होता एक नियम. मुलीने केलेली बाहुली मुलीने खायची नाही, पहिला घास थोरांचा. का, असं विचारायचं नाही. का विचारायचं नाही, असंही विचारायचं नाही. एवढाच नियम, बरं का. पण उतरंडीतल्या सगळ्यात खालच्या मडक्यावर वरची सगळी मडकी उभी असतात ना, तसं त्या नियमावर सगळं नगर उभं होतं.

बाहुली कसली, ते सांगते. त्या नगरात फार पूर्वी भट्टीवाले राहायचे. सुंठ, गूळ, लवंग, दालचिनी घालून ते कणीक मळायचे, लाकडाच्या कोरीव साच्यात दाबायचे आणि भट्टीत खमंग भाजायचे. त्या वासाने म्हणे वाटसरूंचे बैल आपण होऊन नगराकडे वळायचे. मग भट्टीवाले म्हातारे झाले आणि गेले. त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. तेव्हा राजा म्हणाला, "भट्टी विझता कामा नये. तिथे संग्रहालय करा. पण नुसतं लांबून बघायचं नाही. येईल त्याने बाह्या वर कराव्यात, सुंठ कुटावी, कणीक मळावी, साचा दाबावा." आणि राजाने भट्टी राखायला एक म्हातारा नेमला. त्याला सगळे भट्टीबाबा म्हणत.

मग काय, रोज जत्रा. मुलं यायची, नाकाला पीठ लावून घ्यायची. मुलगे घोडे करायचे, हत्ती करायचे आणि भट्टीतून निघाले की आपले आपण मटकावायचे. मुलींचं तसं नव्हतं. मुलीला बारावं लागलं की घरची थोर माणसं सुताराकडून तिच्यासाठी नवा साचा कोरून घ्यायची आणि तिला तिथे न्यायची. तिने बाहुली करायची. बाहुली भट्टीतून निघाली, अंगातून वाफ निघत असली, की एकदाच बोलायची. मुलीच्याच आवाजात बोलायची, आणि मुलीच्या मनात सगळ्यात खोल जे असेल तेच बोलायची.

मग मुलीने बाहुलीचं तोंड मोडायचं आणि तो घास थोरांना भरवायचा. थोर माणसं हात पाठीमागे बांधून, आ करून उभी राहायची. हात लावायची नाहीत. मुलीनेच आपल्या हाताने भरवायचं. मग साचा भिंतीला टांगायचा आणि सगळ्यांनी घरी जायचं.

त्या नगरात वेणू नावाची एक मुलगी होती. ती सात वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा तिथे गेली. तिच्या थोरल्या बहिणीला, शेवंताला, बारावं लागलं होतं. ही शेवंता कशी होती माहितेय? परसदारी उभी राहून डोंगरांच्या रांगा मोजायची. एक, दोन, तीन, चार. चौथीच्या पलीकडे काय आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने फडताळात एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्यात मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक जाड वहाण. एकच वहाण, कारण दुसरी अजून मिळाली नव्हती. "दुसरी मिळाली की निघायचं," ती वेणूला म्हणायची. "तुला पण नेईन. पण वाटेत दमले दमले करायचं नाही."

वेणूने ताईबरोबर सुंठ कुटली. दोघींना शिंका आल्या, दोघी हसल्या. शेवंताने कणीक साच्यात दाबली, भट्टीबाबांनी लांब फळीवरून आत सरकवली. मग बाहुली निघाली. तांबूस, टपोरी. आणि शेवंताच्या आवाजात म्हणाली, "मला चौथ्या डोंगरापलीकडे काय आहे ते बघायचंय."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, बरं का. कौतुकानेच हसले. आजोबांनी हात पाठीमागे बांधले आणि आ केला. शेवंताने तुकडा मोडला, भरवला. आजोबांनी डोळे मिटून चावला. म्हणाले, "गूळ छान उतरलाय हो."

संध्याकाळी वेणूने बहिणीचा परकर ओढला. "ताई, दुसरी वहाण मिळाली की निघायचं ना?"

"कुठे?" शेवंता म्हणाली.

"डोंगरापलीकडे."

"कुठल्या डोंगरापलीकडे?" तिने विचारलं. चेहरा शांत होता, दुधावरच्या सायीसारखा. मग तिने गाठोडं सोडलं, शेंगदाणे चटणीला काढले, आणि ज्या फडक्यात गाठोडं होतं त्या फडक्याने चूल पुसून घेतली. एक वहाण राहिली. ती कुणाच्याच कामाची नव्हती.

त्या दिवसापासून वेणू विचारू लागली. आईला विचारलं, "आई, तुझी बाहुली काय म्हणाली होती?"

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आठवत नाही गं," ती म्हणाली. "चव चांगली होती म्हणे." आणि पुन्हा थापायला लागली.

मग चार वर्षं गेली. वेणूची आतेबहीण होती, तिचं नाव गोदी. गोदीला जमिनीखालचं पाणी कळायचं. अनवाणी चालायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "इथे तळपाय गार लागतो." खणलं की वीस हातांवर पाणी. नऊ वर्षांची असताना तिने तीन विहिरी दाखवल्या होत्या. तिलाही बारावं लागलं. आदल्या दिवशी वेणू तिच्याकडे धावत गेली.

"गोदे, जाऊ नकोस. बाहुली करू नकोस."

"का?"

"ताईचं काय झालं बघितलंस ना?"

"काय झालं? चांगली तर आहे. आवाज चढवत नाही, उलट बोलत नाही. सगळे नावाजतात तिला." गोदी हसली. "तुझं आपलं काहीतरीच. सगळ्याच तर करतात. आणि माझी आईच खाणार आहे, राक्षस नाही."

हो. राक्षस नव्हतेच ते. मुलांनो, राक्षस असता तर फार बरं झालं असतं. राक्षसाचा जीव पोपटात असतो, पोपट शोधायचा, मान मुरगळायची, गोष्ट संपते. ही आपली माणसं होती. ताप आला की उशाशी बसणारी.

मग वेणू दुसऱ्यांदा तिथे गेली. गोदीची बाहुली निघाली आणि म्हणाली, "मला गावोगाव विहिरी खणायच्यात." आत्याबाईंनी हात मागे बांधले, आ केला. गोदीने भरवलं. आत्याबाई म्हणाल्या, "लवंग जरा जास्त झाली. पण गोड आहे हो पोर माझी."

त्याच वर्षी उन्हाळा असा पडला की विहिरींनी तळ दाखवला. लोक गोदीकडे आले. "पोरी, सांग. पाणी कुठे लागेल?"

गोदी म्हणाली, "विहिरीत असेल की."

लोकांना वाटलं, ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. तिला रानातून चालवलं, इथून तिथे, तिथून इथे. ती चालली. तळपाय भाजले म्हणून रडली, आणि तिला घरी नेलं. आत्याबाई डोईवर घागर घेऊन दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या.

वेणूला राहवलं नाही. वाटेत त्यांना अडवून म्हणाली, "आत्याबाई, हे पाणी तुम्ही खाल्लंत. त्या दिवशी, बाहुलीबरोबर."

आत्याबाईंनी घागर सावरली. "फार जीभ चालते हिची," त्या म्हणाल्या. "असू दे. पुढच्या वर्षी बारावं लागेल. सुंठेने खोकला जातो."

मग वेणू गप्प झाली. चिडून नाही, घाबरून. रोज उठलं की ती आधी मनात चाचपून बघायची, माझ्या मनात सगळ्यात खोल काय आहे? ते कळलं तर लपवता येईल. पण आपल्या मनाचा तळ आपल्याला कुठे दिसतो? तिने आईला सांगितलं, "मी नाही जाणार." आई म्हणाली, "असं बोलू नये." तिने आजोबांना सांगितलं. आजोबांनी डोक्यावरून हात फिरवला आणि सुताराकडे निरोप धाडला. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "पीठ सैल नको हं ठेवूस, साच्याला चिकटतं."

आणि बारावं लागलं. मग वेणू तिसऱ्यांदा तिथे गेली.

भट्टीबाबा सरपण लावत होते. घरचे सगळे यायचे होते. वेणू एकटीच भिंतीपाशी गेली. भिंतभर साचे टांगलेले. शेकडो साचे, प्रत्येकाच्या पोटात एका बाहुलीएवढी पोकळी. तिला वाटलं, आवाज बाहुलीतून गेला असेल, पण साच्यात तर थोडासा उरला असेल. तिने आईचा साचा शोधून काढला. कान लावला. तुम्हाला वाटत असेल, आता साचा बोलणार. नाही बोलला. तिने ताईचा साचा काढला, कान लावला. काही नाही. गोदीचा साचा नवाच होता, अजून सुंठेचा वास येत होता. त्याला कान लावून ती खूप वेळ उभी राहिली. काही नाही. लाकूड ते लाकूड.

तेव्हा वेणू खाली बसली. तिला कळलं की गेलेलं परत येत नाही. शोधूनही नाही, रडूनही नाही.

"ऊठ पोरी," भट्टीबाबा म्हणाले. "भट्टी तापलीय."

"बाबा, नियम का आहे?"

म्हातारा दचकला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "जुना आहे."

"जुना आहे ते ठाऊक आहे. का आहे?"

"मी फक्त भट्टी राखतो बाळ," तो म्हणाला आणि उगाच लाकडं हलवू लागला.

मग सगळे आले. आजोबा, आत्याबाई, आई, शेवंता, गोदी. वेणूने सुंठ कुटली. या वेळी शिंका आल्या नाहीत. मुद्दाम सुंठ चौपट घातली, तिखटजाळ व्हावी म्हणून. गूळ अर्धाच घातला. आजोबा बघत होते, म्हणाले, "असू दे, असू दे, पोर आहे. आम्ही गोड मानून घेऊ." तिने साच्यात बाहुलीचं तोंड अंगठ्याने चेपून टाकलं. पण साचाच कोरीव. उलटा केला तर तोंड जिथल्या तिथे.

फळी आत गेली. सगळे वाट बघत बसले. आत्याबाईंनी गावातल्या लग्नाचं काहीतरी काढलं, आजोबा जांभई देत होते. मग फळी बाहेर आली.

बाहुली काळपट झाली होती, एका बाजूने करपलेली. तिच्यातून वाफ निघाली. आणि वेणूच्या आवाजात ती म्हणाली, "मला माझी ताई परत पाहिजे. पहिली होती तशी."

कुणी हसलं नाही. आईने पदर तोंडाशी नेला. वेणूने झटकन ताईकडे बघितलं. वाटलं, आता तरी. शेवंता हसत होती, सायीसारखी. "अगं, मी इथेच तर आहे," ती म्हणाली. "भरव ना आजोबांना. गार होईल."

तेच सगळ्यात वाईट होतं, बरं का. भट्टीच्या धगीपेक्षा वाईट.

मग आजोबांनी हात पाठीमागे बांधले. आत्याबाईंनी हात पाठीमागे बांधले. दोघांनी आ केला. वेणूने बाहुली हातात घेतली. हात भाजत होते. आणि तिने बघितलं. दोन उघडी तोंडं, आणि चार बांधलेले हात. हे हात आजवर कधी पुढे आलेच नव्हते. ताईचा घास कुणी हिसकावला नव्हता. गोदीचाही नाही. आईचाही नाही. त्या तिघींनीच भरवला होता, म्हणून गेला होता. इतकी वर्षं, इतके साचे, आणि एकीनेही हात मागे घेतला नव्हता. हे कळलं आणि वेणूला आनंद झाला नाही. इतकं सोपं होतं?

"दे बाळ," आजोबा म्हणाले.

"नाही भरवणार."

"पहिला घास थोरांचा. नियम आहे."

"का?"

आजोबांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी भट्टीबाबांकडे बघितलं. भट्टीबाबांनी भट्टीकडे बघितलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आणि मुलीने नाही म्हटलं तर पुढे काय करायचं, ते नियमात नव्हतंच.

"ताई आता परत येणार नाही," वेणू म्हणाली. "मला कळलंय. पण हे मागणं माझं आहे. ते पुरं नाही झालं तरी माझ्याजवळ राहील. तुम्हाला नाही देणार. आज नाही, शिळी झाल्यावर नाही, कधीच नाही."

आजोबांचं तोंड हळूहळू मिटलं. मग आत्याबाईंचं मिटलं. हात मात्र पाठीमागेच राहिले, कारण त्यांचं पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. भट्टीतलं एक लाकूड मोडलं.

मग सगळे सुखात नांदले का? नाही रे बाळांनो. शेवंता तशीच राहिली, विहिरी कोरड्याच राहिल्या. वेणूकडे करपलेली एक बाहुली तेवढी राहिली, तोंडासकट. ती तिला छातीशी धरून उभी आहे, आणि तिच्यासमोर सगळी थोर माणसं गप्प आहेत. आता तुम्ही पण गप्प व्हा. पांघरूण घ्या. आणि मनात सगळ्यात खोल जे असेल, ते घट्ट मुठीत धरून झोपा.