आबासाहेबांना आलेली बोलावणी

"उद्याच्या कार्यक्रमात माझ्या नगरपालिकेची एक जरी तक्रार ऐकू आली, तर परवा ह्या खोलीला कुलूप!"

नांदरखेडचे नगराध्यक्ष आबासाहेब ढमाले असं म्हणाले आणि त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचे कप नाचले. खोली 'रेडिओ आपुलकी' ह्या गावच्या रेडिओ केंद्राची, पण इमारत नगरपालिकेची. तिथून रोज सकाळी 'बोला, ऐकतोय' हा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करायचे, मनातलं बोलायचं ते बोलायचे आणि अख्खं गाव ऐकायचं. आता गावाच्या मनात काय असणार? नळ, गटार आणि आबासाहेब!

"अहो, दिल्लीवर बोला, महागाईवर बोला! दिल्लीवर हवं तेवढं तोंडसुख घ्या, ती काही ऐकायला येत नाही. माझंच नाव कशाला?"

गोविलकर मास्तर रेडिओ चालवायचे. ते चाचरत म्हणाले, "मग उद्या फोनच घेत नाही."

"वा! म्हणजे गाव म्हणणार, आबा घाबरला! फोन घ्यायचे. येईल तो घ्यायचा. मी स्वतः समोर बसून ऐकणार. तक्रार आली की कुलूप!"

आबासाहेब गेले आणि मास्तरांनी डोकं धरलं. "संपलं सगळं! नांदरखेडचा माणूस तक्रार न करता फोन करेल? तो जांभईसुद्धा तक्रारीच्या सुरात देतो!"

फोन उचलायचं काम इंदूबाई लोणारींचं. सहा वर्षं हेच काम, ह्याच पगारावर घर. खोली गेली तर रेडिओ जाणार आणि रेडिओ गेला तर चूल थंड. पण बाई डगमगणारी नव्हती. "मास्तर, दिवाळी कितीवर आली?" तिने विचारलं.

"चार दिवसांवर. त्याचं काय?"

"मग झालं तर!"

दुसऱ्या दिवशी आबासाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत येऊन बसले. त्यांच्यापुढेही एक माईक ठेवला होता. इंदूबाईने सुरुवात केली.

"मंडळी, आज खुद्द आबासाहेब आलेत. आज तक्रार एकही नको! दिवाळी तोंडावर आलीय, त्यांना घरी बोलवा. आणि पाहुण्याला कसं यायचं, काय आणायचं, ते नीट समजावून सांगा. उगाच त्यांची पंचाईत नको."

आबासाहेब खूश! फोन वाजला.

"मी कुंभार गल्लीतून द्वारकाबाई. आबासाहेब, नरकचतुर्दशीला पहाटे आमच्याकडे अभ्यंगस्नानाला या! उटणं आमचं, तेल आमचं, साबणसुद्धा आमचा. पाणी तेवढं घरून घेऊन या."

आबासाहेबांची मिशी हलली. पण सणाच्या बोलावण्याला नाही कसं म्हणायचं? आणि तेही सगळं गाव ऐकत असताना?

"येतो," ते म्हणाले.

"दोन बादल्या आणा हो, मुलंही आंघोळीची राहिलीत!"

दुसरा फोन शनिवार पेठेतल्या रज्जाकभाई शिंप्याचा. "साहेब, जाकिटाचं माप द्यायला या. गाडी कमानीपाशीच ठेवा. पुढे पायजमा गुडघ्यापर्यंत घ्या. आम्ही विटा टाकल्यात, त्यावरून या. फक्त तिसऱ्या विटेवर पाय देऊ नका, ती हलते. मागचे पाहुणे तिथेच बसले होते."

"येतो," आबासाहेब दातओठ खात म्हणाले.

तेवढ्यात एक आवाज फोनवर कडाडला, "ही नगरपालिका म्हणजे..."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. इंदूबाईने मात्र त्याला मध्येच गाठलं. "दामूअण्णा, फराळाला काय केलंय तेवढं सांगा!"

"आं? ...चकल्या."

"आबासाहेबांना बोलावताय ना?"

"बोलावतो की! पण आमच्या रस्त्याने यायचंय, तर आधी खाऊन येऊ नका म्हणावं. पोटातलं वर येतं."

मग मास्तरांच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका सुलोचनाबाईंचा फोन. "आबासाहेब, भाऊबीजेला ओवाळायला बोलावते. संध्याकाळी या. येताना टॉर्च आणा, म्हणजे भाऊ कोणता आणि शेजारी कोणता, ते ओळखता येईल. आणि खिशात बिस्किटं ठेवा. आमच्या गल्लीतली कुत्री नव्या माणसाला बिस्किटाशिवाय सोडत नाहीत."

तास सरत आला तशी बोलावणी एकोणीस झाली. आबासाहेब कागदावर लिहून घेत होते. बादल्या, टॉर्च, बिस्किटं, गमबूट! शेवटी त्यांचा बांध फुटला. समोर माईक आहे हेही ते विसरले.

"अरे काय चाललंय काय ह्या गावात! कुंभार गल्लीत नळाला पाणी नाही, शनिवार पेठेत गटार रस्त्यावर, सुलोचनाबाईंच्या दारात एक दिवा नाही! दिवाळी करायची कशी माणसाने? नगरपालिका झोपा काढते काय?"

घड्याळात नऊ वाजले. इंदूबाईने शांतपणे वही उघडली.

"आबासाहेब, तास संपला. तक्रार एकच आली. कुलपाच्या नोटिशीवर तक्रारदाराचं नाव घालावं लागेल ना? पूर्ण नाव सांगता?"

आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माईककडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. आणि असे हसत सुटले की त्यांना ठसकाच लागला! मास्तर पाणी आणायला धावले.

"गावाने बोलावलं आणि मीच बोललो!" डोळे पुसत ते माईकवर म्हणाले. "ऐका रे सगळे! ही खोली पाच वर्षं रेडिओची, भाडं नाही! आणि इंदूबाई, तुम्हाला काय देऊ? मागाल ते!"

"दर बुधवारी एक तास तुम्ही इथे बसायचं."

"बसेन! पण लोक तक्रारी करतील त्याचं काय?"

"लोकांनी खुशाल कराव्यात," इंदूबाई म्हणाली. "तुम्ही मात्र करायची नाही!"

आबासाहेब पुन्हा पोट धरून हसले. त्यांनी तिथल्या तिथे खोलीच्या कागदावर सही केली, पैठणीचा मान जाहीर केला आणि उठून टँकरवाल्याला फोन लावला.