काकणभर खाली

एका गावात एक भोळा मुलगा होता, आणि त्याच्यापायी त्याच्या आईला झोप नव्हती.

मुलाचं नाव गुणवंत. आठवीत होता. त्याच्या शाळेची सहल जपानला निघाली होती. तिथल्या एका शाळेशी ह्यांच्या शाळेची मैत्री होती. तिथली मुलं मागच्या हिवाळ्यात येऊन हुरडा खाऊन गेली होती, आता ह्यांची पाळी.

आईला, म्हणजे हर्षदाला, विमानाची काळजी नव्हती. भूकंपाचीही नव्हती. ते काय, सगळ्यांनाच असतं. तिची काळजी निराळी होती. गुणवंत सांगितलेलं ऐकायचा.

इतर आयांना हे दुःख कळत नाही. "दुधाकडे बघ" म्हटलं की गुणवंत बघायचा. उतू जातानाही बघायचा. हर्षदा एम.ए., बी.एड. मुलं कशी वाढवावीत यावरची पुस्तकं तिने खुणा करकरून वाचली होती. सगळ्यांत एकच लिहिलं होतं, मुलाला स्पष्ट सूचना द्या. ती देत होती.

शेजारच्या सिंधूकाकू म्हणाल्या, "पाठवते आहेस खरी. पण तिकडे कुणी म्हणालं, विहिरीत उडी मार, तर?"

"तिकडे मराठीत कोण म्हणणार आहे, काकू?" हर्षदा म्हणाली.

त्यातून सहलीबरोबर जाणाऱ्या दातीर सरांनी त्याला मान दिला होता. निरोपाच्या समारंभात तिथल्या मुख्याध्यापकांना शाल गुणवंतने घालायची. सगळं गाव ते शाळेतल्या पडद्यावर बघणार होतं. हर्षदाचं मागणं एवढंच होतं, की पोराने सगळ्यांदेखत एकदा, एक गोष्ट धड करावी.

निघताना ती म्हणाली, "हे बघ, परक्या दारात पाऊल टाकण्याआधी बूट बाहेर काढायचे."

"बरं, आई."

पहिल्याच दिवशी आगगाडी आली. गाडीला दार होतं. दार परकं होतं. गुणवंतने बूट काढले, फलाटावर जोडीने नीट लावले आणि आत जाऊन बसला. गाडी सुटली. तिकडची गाडी बुटांसाठी थांबत नाही.

बूट संध्याकाळी आले. पुसलेले, कागदी पिशवीत घातलेले.

"आई, जाताना एवढे चकचकीत नव्हते," गुणवंत फोनवर म्हणाला.

"अरे देवा! गुण्या, काढलेलं मागे सोडायचं नसतं. जे काढशील ते हातात घेऊन यायचं. कळलं?"

"बरं, आई."

मुलांना एकेका घरी उतरवलं होतं. गुणवंत निशिमुरा नावाच्या बाईंकडे होता. हा त्यांना निशिमुराकाकू म्हणायचा. तिकडे संडासाच्या सपाता वेगळ्या असतात. आतच घालायच्या, आतच काढायच्या. गुणवंतने घातल्या, काढल्या, आणि हातात घेऊन आला. थेट जेवायला. सपाता त्याने भाताच्या वाडग्याशेजारी ठेवल्या, जोडीने. निशिमुराकाकू हसल्या. मग त्यांनी टेबल पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"अरे, ज्या घरची वस्तू त्या घरात ठेवायची!" हर्षदा फोनवर ओरडली. "बाहेर न्यायची नाही, उचलायची नाही!"

"बरं, आई."

दुसऱ्या दिवशी डोंगरावरचं देऊळ बघायला जायचं होतं. निशिमुराकाकूंनी पहाटे उठून डबा केला. भाताचे गोळे, अंड्याच्या वळकट्या, गाजराची फुलं कापलेली. वर सुंदर रुमालाची गाठ. डबा कुठल्या घरचा? निशिमुरांच्या. गुणवंतने तो पुन्हा त्यांच्या फळीवर ठेवला आणि रिकाम्या हाताने डोंगर चढला. दुपारी काकू धापा टाकत वर आल्या, हातात डबा आणि डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं, पोराला आपला स्वयंपाक आवडला नाही.

आता दातीर सरांचाच फोन आला. "वहिनी, मुलगा सोन्यासारखा आहे. पण आणखी एक प्रकार झाला, तर शाल दुसरं कुणीतरी घालेल."

हर्षदाला रडू आलं. चूक पोराची, की सूचनेची? पुस्तकांत याबद्दल काही नव्हतं. ह्या खेपेस तिने एकेक शब्द पारखून घेतला.

"गुणवंता, नीट ऐक. कुणी प्रेमाने दिलं तर घ्यायचं. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही. समोरच्याने जे दिलं, त्याच्याहून काकणभर जास्तच परत द्यायचं. आपण उणं पडायचं नाही."

"बरं, आई. उणं पडायचं नाही."

आणि काय सांगावं! डब्यात घरून नेलेले आईच्या हातचे लाडू भरून त्याने तो परत दिला. काकूंनी त्याला पोटाशी धरलं. हर्षदाला वाटलं, जिंकलं.

निरोपाचा दिवस आला. इकडे शाळेत सतरंज्या अंथरल्या होत्या, सगळं गाव पडद्यासमोर. तिकडे भरलेलं सभागृह, आणि एक मुलगी फोनवर व्हिडिओ कॉल लावून उभी. गुणवंतने शाल घातली. सरळ घातली. हर्षदाने सिंधूकाकूंकडे पाहिलं.

मुख्याध्यापकांनी वाकून आभार मानले.

त्यांनी दिलं होतं. परत द्यायला हवं होतं, काकणभर जास्त. गुणवंत त्यांच्याहून खाली वाकला.

पाहुणा एवढा वाकल्यावर यजमान ताठ कसा राहील? मुख्याध्यापक आणखी वाकले. गुणवंतने नाक गुडघ्यांना लावलं. मुख्याध्यापक गुडघ्यांवर बसले. गुणवंतने कपाळ टेकलं. त्यांनीही टेकलं. मग गुणवंतने सरळ साष्टांग दंडवत घातला.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, शाल सावरली आणि पालथे पडले. मुख्याध्यापक जमिनीवर असताना शिक्षक उभे कसे राहतील? शिक्षक पडले. मग विद्यार्थी, ओळीने. मोठ्यांत दातीर सर एकटेच उभे होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पँट वर ओढून आडवे झाले. फोन धरलेली मुलगी फोनसकट झोपली, त्यामुळे पडद्यावर गुणवंतचा चेहरा भिंतीएवढा झाला.

"अगं बाई, भूकंप झाला का गं?" सिंधूकाकू किंचाळल्या. सगळे पडलेले पाहून गावातल्या पांडूतात्यांनीही टोपी काढून सतरंजीवर लोटांगण घातलं.

"गुण्या!" हर्षदा पडद्याला जाऊन चिकटली. "गुण्या, काय करतोयस हे?"

गुणवंतने हनुवटी जमिनीवर तशीच ठेवून आईकडे पाहिलं.

"आई, ते माझ्याइतकेच खाली आलेत. दातीर सरांना सांग ना, एक कुदळ आणा म्हणावं. आता काकणभर खणावं लागेल."