शोभेची बहीण

परदेशात संगीत शिकून परतलेल्या शलाकाला वाटलं होतं, ‘घोटणकर भावंडं’ या घरच्या बँडमध्ये आता आपणही पुढे उभं राहून गाणार. मिळाली ती मागच्या रांगेतली जागा. हेरंबदादाचा आवाज वर चढेनासा झाला होता. वरच्या पट्टीतल्या ओळी ती मागून गायची, तो पुढे नुसते ओठ हलवायचा. टाळ्या त्याला पडायच्या.

“आज माझंही नाव सांग ना,” सांगलीच्या कार्यक्रमाआधी ती म्हणाली.

दादाने सांगितलं, पण असं: “ही आमची धाकटी शलाका. गाण्यातलं हिला काही विचारू नका, शोभेला उभी असते.” सभागृह हसलं.

गाणं रंगलं. वरची ओळ आली, दादाने डोळे मिटून तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तो मागे वळून खेकसला, “अगं, गा की.”

शलाका माइकमध्ये शांतपणे म्हणाली, “दादा, शोभेच्या वस्तू कधी गातात का?”

या वेळी सभागृह दादाला हसलं. घरी मात्र आई म्हणाली, “चारचौघांत भावाची लाज काढलीस. माफी माग, नाहीतर बँड विसर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाकाने बँड सोडला आणि गावातलं एक लहानसं सभागृह स्वतःच्या नावाने ठरवलं. ऐकायला घरचं कुणी येणार नाही, हे धरूनच.