चौतिसावा अनारसा

फार पूर्वी, पंचांग फक्त जोशीबुवांच्या घरी असायचं त्या काळात, एका गावात एक सुगरण राहत होती. नवरा दिवसभर रानात. एकुलती एक लेक, ती नुकतीच लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी गेलेली. या सुगरणीच्या हातचा अनारसा कधी हसत नसे. तुपात सोडताच विरघळून त्याचा चुरा झाला, की अनारसा हसला म्हणतात. करणारी रडकुंडीला येते आणि तो मेला हसतो!

त्या वर्षी अधिक महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा हा जास्तीचा महिना मोठा पुण्याचा. लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं, आणि जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, ताटात दिवा लावून. बत्तीस चालत नाहीत, मोडके चालत नाहीत.

आता अनारसे म्हणजे काही पोहे नव्हेत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे. मग गूळ घालून ते पीठ बरणीत चार-पाच दिवस मुरत ठेवायचं. मग कुठे खसखशीवर थापायला घ्यायचं. एवढं करून ते हसायचे ते हसतातच. म्हणून गावातल्या बायकांनी सोपी वाट काढली. त्या सुगरणीकडे गेल्या.

"मावशी, तुमच्या हाताला यश आहे हो," एकीने म्हटलं. "पुण्याचं काम आहे, नाही म्हणू नका," दुसरीने म्हटलं. पुण्याचं नाव काढलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. सुगरण हो म्हणाली.

पाच घरं झाली, दहा झाली, वीस झाली. ती सकाळी चुलीपुढे बसायची ती दिवेलागणीला उठायची. उठायची म्हणजे भिंतीला धरून उठायची. थापून थापून बोटांची पेरं सुजली, तुपाच्या शिंतोड्यांनी मनगटं पोळली. घराघरांतून जावई तृप्त होऊन जात होते. बायका देवळात एकमेकींना सांगत होत्या, "आमचे तेहेतीस झाले हो!" सुगरण ते ऐकायला देवळात नव्हती. तिला देवळात जायला वेळच मिळाला नाही.

लेकीसाठी मात्र तिने एक बरणी वेगळी भरून फडताळात मागे ठेवली होती. लेकीचा हा पहिला अधिक. सासरच्यांचे डोळे त्या वाणाकडे लागलेले असणार. लेक आणि जावई अमावास्येला, महिन्याच्या शेवटच्या दिवशी यायचे होते.

त्रयोदशीला पाटलीणबाई आल्या. "अगं, घात झाला! तू दिलेले तेहेतीस नातवंडांनी हाताळले. सात मोडले. उद्या जावई यायचेत. तुझ्याकडे पीठ असेलच."

"आहे," सुगरण म्हणाली, "पण तेवढंच आहे, वहिनी. लेकीचं आहे ते."

"तुझं काय बाई, तुझ्या हातातलंच काम! केव्हाही करशील. आमचं तसं आहे का?"

इथे सुगरणीने नाही म्हणायला हवं होतं. ते तिलाही कळत होतं. परवा अमावास्या, नवे तांदूळ तेवढ्यात भिजायचेसुद्धा नाहीत. पण इतकी दमलेली होती ती, की भांडायचं म्हटलं तरी अंगात बळ लागतं, ते उरलं नव्हतं. द्यायला त्याहून कमी बळ लागतं. तिने बरणी काढून दिली. पाटलीणबाईंना थापता येत नव्हतं, म्हणून सात अनारसेही तिनेच करून दिले. उरलेली बरणी पाटलीणबाई "आणखी एखादा मोडला तर?" म्हणून घेऊन गेल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यांच्या डोक्यात फक्त तेहेतीस होते.

अमावास्येला लेक आणि जावई आले. सुगरणीने वाणाचं ताट पुढे केलं. ताटात दिवा होता, आणि त्याच्या भोवती वाण्याकडून आणलेले तेहेतीस बत्तासे. शास्त्राला बत्तासेही चालतात. जोशीबुवांना विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. पण ज्या बाईने गावच्या सगळ्या जावयांचं तोंड गोड केलं, तिच्या जावयाच्या ताटात वाण्याचे बत्तासे पाहून जावयाने मान खाली घातली, आणि सुगरणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीने आईचे हात पाहिले. "आई, सासूबाई बोलतील मला. बोलू देत. पण तू एवढे अनारसे तळलेस, त्यातला एक तरी खाल्लास का?"

सुगरण आठवू लागली. तिला आठवेना.

लेक गेली. सासरी महिनाभर तिला "सुगरणीची लेक बत्तासे घेऊन आली" हे ऐकावं लागलं, आणि ते नदी ओलांडून सुगरणीच्याही कानावर आलं.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. पाटलीणबाईंसह सगळ्या बायका सुगरणीच्या दारात जमल्या. सुगरण ओट्यावर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"मी माझ्या लेकीचे करीन," ती म्हणाली. "तुमचे तुम्ही करा. कुठे अडलं तर सांगेन. तीनदा विचारलंत तर तीनदा सांगेन. पण थापणार नाही."

पाटलीणबाईंना राग आला. "पुण्याच्या महिन्यात कुणाला नाही म्हणू नये गं!"

"वहिनी, देवाने महिना जास्तीचा दिला," सुगरण शांतपणे म्हणाली. "हात जास्तीचे दिले नाहीत."

बायका कुरकुरत घरी गेल्या. मग घराघरांत तांदूळ भिजले. कुणी पाणी बदलायला विसरली, कुणाचं पीठ आंबलं. पाटलीणबाईंचा पहिला घाणा तुपात पडला आणि अख्खाच्या अख्खा हसला. दुसराही हसला. त्यांनी सुगरणीला येऊन विचारलं, तिने गूळ किती हे सांगितलं. पुन्हा तांदूळ भिजवले, पुन्हा कुटले. चुलीच्या धगीने पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, कंबर धरायची, उठताना हात भिंतीकडे जायचा. एका दुपारी अशाच भिंतीला धरून उठता उठता त्या थांबल्या. एका घरच्या तेहेतीसांनी आपलं हे झालं. तिने किती घरांचे केले होते? त्या मोजायला लागल्या आणि त्यांनी मोजायचं सोडून दिलं. आपण नेलेली ती बरणी त्यांना आठवली, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

अमावास्येला सुगरणीची लेक आणि जावई आले. या वेळी ताटात दिव्याभोवती तेहेतीस अनारसे होते, सगळे सुगरणीच्या हातचे. ओवाळून होतंय तोवर दारात पाटलीणबाई आल्या. हातात छोटी वाटी, वर रुमाल.

"माझे तेहेतीस झाले," त्या म्हणाल्या. "त्यांच्याआधी एक वेगळा काढून ठेवला होता. हा चौतिसावा. जावयाचा नाही, तुझा आहे."

रुमाल काढला. अनारसा एका बाजूने जाड होता, कडेला करपलेला, खसखस अर्धी गळालेली.

"त्या बरणीचं माझं चुकलं गं," पाटलीणबाई म्हणाल्या. "आता बस, आणि माझ्यासमोर खा."

सुगरण उंबऱ्याशी बसली. लेक शेजारी बसली. अनारसा कडक होता आणि गूळ जरा कमीच पडला होता, पण सुगरणीने त्याचा कणही टाकला नाही.

तेव्हापासून त्या गावात अधिक महिन्यात चौतीस अनारसे होतात. तेहेतीस जावयाचे. चौतिसावा आधी काढतात, तो करणारीचा, आणि तो तिने बसूनच खायचा असतो.

तात्पर्य: व्रत आपलं असेल तर कष्टही आपलेच असावेत, आणि ते दुसऱ्याच्या हातांनी झालं असेल, तर नैवेद्याआधी त्या हातांची विचारपूस करावी.