नमुन्याचा घाणा

"मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर, बाबा? प्रयोगशाळेवरही नाही?"

वेफर्सवाले मुरलीधरशेट शिरुडे फकीर भिकनबाबांसमोर अहवालाचा कागद नाचवत होते. बाबांचे जुने शिष्य. उरुसाला येणाऱ्या पोरांना वाटायला त्यांनी पोती भरभरून पुड्या आणल्या होत्या, आणि बाबांनी त्या आपल्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, दारातच अडवल्या होत्या.

मी तिथेच बसलो होतो. तेलाचा व्यापारी मी. दोघेही ओळखीचे, तेव्हा गप्प बसणंच बरं.

"वाच," बाबा म्हणाले.

"अ‍ॅक्रिलामाइड मर्यादेच्या आत. बटाटा कडक तळला की त्यात जे विष तयार होतं ना, ते आमच्या मालात अगदी नावाला."

"नमुना कोणत्या घाण्याचा दिलास?"

शेट हसले. "बाबा, मुलगी दाखवताना घरातलं फाटकं लुगडं नेसवतात का? नमुन्याचा घाणा वेगळाच काढायचा. नवा बटाटा, ताजं तेल, जाळ बेताचा. सगळेच काढतात."

"आणि या पुड्यांत?"

शेट सांगणार नव्हते, म्हणून मी सांगतो. कोल्ड स्टोरेजमध्ये राहून बटाटा गोड होतो आणि गोड बटाटा कढईत लवकर काळवंडतो. जितका काळा, तितकं ते विष जास्त. शेटचा बाजारातला सगळा माल त्याच बटाट्याचा. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, वेफर्स एवढे तांबडे कसे हो? शेट म्हणाले, मसाला मुरलाय!

बाबांनी एक पुडी फाडली. करपलेला एक तुकडा उचलला.

शेटची नात दाराशी खेळत होती.

"चिमे, ये गं. आजोबांनी खाऊ आणलाय."

ती धावत आली. तोंड उघडून उभी राहिली.

बाबांचा हात पुढे झाला... आणि शेटनी तो मनगटाला धरला.

"सोड," बाबा म्हणाले.

"तिला... खोकला आहे, बाबा."

"खोकला? अहवाल कुठाय तुझा? तो दाखव ना तिला!" बाबांचा आवाज चढला. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "बाहेरची पोरं काय उकिरड्यावर पडलीत? त्यांचा हात धरायला कोण येणार आहे रे?"

चिमी घाबरून आजोबांना बिलगली.

शेटची मान खाली गेली. "एवढा उरूस जाऊ द्या, बाबा. माल तयार पडलाय... पुढच्या खेपेपासून नक्की..."

बाबांनी अहवालाचा कागद ओढून घेतला. तो करपलेला तुकडा त्यात ठेवला, पुडी बांधली आणि शेटच्या हातात दिली.

"उद्या हा तपासायला पाठव, मुरलीधर. आणि यापुढे हिशेब खरा ठेव... कोणता घाणा कोणाच्या पोराच्या तोंडात गेला, त्याचा."