न रडणाऱ्यांचे घर

एका राज्यात नगरश्रेष्ठी मणिभद्राचे घर होते, आणि त्या घरात सात पिढ्यांत कोणी रडले नव्हते. लोक लांबून ते घर पाहायला येत. दारात श्रेष्ठींची पत्नी सुलक्षणाबाई उभ्या असत. कोणी विचारले, "कसं काय?" की त्या म्हणत, "आमच्याकडे सगळं छान!" पाहुण्यांना केशरी दूध मिळे आणि जाताना घरचे मोती पाहायला मिळत. राजाच्या मुकुटातले मोतीही याच घरचे. ते कोणत्या समुद्रातून येतात, हे मात्र कोणी सांगत नसे.

या घरात केतकी सून म्हणून आली. तिचा नवरा मकरंद गलबत घेऊन व्यापाराला गेला आणि ठरल्या दिवसावर महिना उलटला तरी परतला नाही. एके सकाळी केतकी फुले घेऊन देवघरात गेली, तर सासूबाई हसून म्हणाल्या, "या, बसा. आपण कोणाकडच्या पाहुण्या?"

"सासूबाई, थट्टा करता का? मी केतकी."

"सासूबाई? अगंबाई! आम्हाला मुलगाच नाही, तर सून कुठून येणार?"

मणिभद्र हसले. नणंद हंसा हसली. केतकी हसली नाही. ती उठून बागेत गेली. आंब्याच्या फांदीवर एक हळद्या पक्षी बसला होता. तो मकरंदाच्या आवाजात बोलला.

"केतकी, मी आहे."

"अहो, हे काय झालं?"

"तळघरात कालंजर मांत्रिकाचे चांदीचे भांडे आहे. घरातले कोणी वारले की घरचे त्यात बोट बुडवतात आणि त्याचे नाव घेतात. दुःखाचा मोती होतो. दुःखाबरोबर ते माणूसही आठवणीतून जाते. काल माझे नाव घेतले. मी जिवंत होतो, म्हणून पक्षी झालो. बोट न बुडवलेली तू एकटी."

"उपाय?"

"विसरलेल्या तिघांच्या तोंडून माझी एकेक वाईट खोड वदवून घे. गुण नकोत, गुण कोणालाही शोभतात. परवाचा सूर्य मावळला की मी माणसांची भाषा विसरेन."

"खोडी इतक्या, की तीनच निवडायच्या कशा?"

"टोमणे नंतर मार," हळद्या म्हणाला.

पहिल्या दिवशी केतकीने पाहुणी म्हणून स्वयंपाकाला हात लावला आणि पापड भाजले. हंसाच्या ताटात पापड पडला, तसा तिने तो पटकन तळहाताने झाकला.

"वन्सं, कोणापासून झाकता?"

"तो मेला पळवतो ना! स्वतःचा खाऊन झाला की माझ्या..." हंसा थांबली. तिने शेजारच्या रिकाम्या पाटाकडे पाहिले आणि ती जेवायची विसरली.

बागेत हळद्याचे पाय माणसाचे झाले. फांदी वाकली.

दुसऱ्या दिवशी केतकीने मकरंदाचे जोडे दाराच्या अगदी मधोमध ठेवले. मणिभद्र अडखळले आणि गरजले, "कितीदा सांगितलं, जोडे वाटेत काढू नकोस! बापाचे दात पाडायचे आहेत काय?" मग ते हळूच उंबऱ्यावर बसले. "पाहुण्याबाई, मी हे कोणाला म्हणालो?"

हळद्याला मिशा फुटल्या.

तिसऱ्या दिवशी केतकीने सुलक्षणाबाईंपुढे मकरंदाचा फेटा ठेवला. त्या म्हणाल्या, "छान आहे." त्याने केलेली वाकडी बासरी ठेवली. "छान आहे." त्याने लिहिलेले पत्र ठेवले. "अक्षरही छान आहे." सूर्य आंब्याच्या शेंड्याला टेकला. केतकीला पुढचे काहीच सुचेना. ती तिथेच बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

सुलक्षणाबाई गोंधळल्या. त्या घरात हा आवाज नवा होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कोणी पाहुणे नव्हते. मग त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि केतकीच्या पाठीवर फिरू लागला.

"उगी, उगी. असा गळा काढू नये. तो रडायचा नाही, पण असाच ओरडायचा. एवढा घोडा झाला, तरी पायातला काटा काढू द्यायचा नाही. सुई दिसली की शेजारच्या गावाला ऐकू जाईल असा..."

त्यांचा हात थांबला.

"मकरंद," त्या म्हणाल्या. "सूनबाई, त्याला मीच भांड्यात टाकला ग. यांना आणि हंसालाही बोट बुडवायला मीच लावलं. गलबत येईना, काळजी सोसवेना. दारात पाहुणे यायचे होते."

आणि सुलक्षणाबाई रडल्या. मग आवाज ऐकून आलेली हंसा रडली, मणिभद्र रडले. तळघरात चांदीचे भांडे उभे तडकले, आणि कालंजराची विद्या फटीतून वाहून गेली. बागेत फांदी मोडून मकरंद धपकन खाली पडला.

त्याच क्षणी राज्यातले ते सारे मोती विरघळले. दरबारात राजाच्या मुकुटातून खारे पाणी नाकावरून दाढीत गळू लागले. राजा तसाच रथातून आला.

"श्रेष्ठी, हे काय?"

"महाराज, ते आमच्या घरचे रडणे आहे. सात पिढ्यांनी चुकून आपल्या डोक्यावर ठेवले."

राजाने दाढी पुसली. "पुष्कळ जड होते खरे," तो म्हणाला.

गेलेले परत आले नाहीत, पण आठवले. मणिभद्रांना तोतरे काका आठवले, हंसाला गोष्टी अर्ध्यावर सोडणारी आजी. सुलक्षणाबाई सर्वांत शेवटी बोलल्या. "मकरंदाच्या आधी मुलगी होती. अकरा दिवसांची. बारसं व्हायच्या आतच गेली. भांड्यापाशी घ्यायला नावसुद्धा नव्हतं. मी नुसतं 'ती' म्हटलं."

मग बातमी कळून सासरहून आलेली मणिभद्रांची बहीण काशीआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे माझा मान राहिलाय की! पाळणा काढा. आत्या जिवंत आहे अजून."

माळ्यावरून पाळणा उतरवला. तो रिकामाच होता. आत्याने वाकून त्यात नाव सांगितले: शेवंती. मग ते साऱ्यांनी मोठ्याने म्हटले. घुगऱ्या वाटल्या, आणि राजानेही ओल्या दाढीने दोनदा मागून घेतल्या.