बंब पेटेपर्यंत

"...म्हणजे वर्षभरात माझ्यात काहीच फरक पडला नाही, असंच ना बुवा?"

रेवणबुवा ओसरीवर ऊन खात बसले होते. त्यांनी घोंगडी सारखी केली.

प्रश्न काही नवा नव्हता. त्र्यंबक घाटमाथ्यावरच्या या मठात आल्यापासून रोज तो विचारत होता. पोरगा पाठशाळेत शिकलेला. उपनिषदं मुखोद्गत, आणि ती आपल्याला येतात हे त्याहून पक्कं मुखोद्गत. ध्यानातून उठला की डोळे चोळत आधी बुवांकडे यायचा. आज काही दिसलं का माझ्यात?

बुवा म्हणायचे, "बघू."

आज मात्र त्याचा धीर सुटला. वळकटी बांधून तो अंगणात उभा राहिला.

"निघतो मी. सकाळचीच एसटी धरतो."

"जा की. पण मठाची रीत ठावं हाय न्हवं? जाणाऱ्यानं ऊन पाण्यानं अंघूळ करून जायचं. असल्या थंडीत आपण कुणाला कुडकुडत वाटंला लावत न्हाई... बंब पेटव."

मागच्या पडवीत तांब्याचा जुना बंब होता. भोवती पाणी, मधे नळी. नळीत वरून जळण टाकायचं, राख खालच्या जाळीतून पडायची. एरवी हे काम बुवाच करायचे. त्र्यंबकानं ढलप्या टाकल्या, कागद पेटवून आत सोडला आणि वरून तोंड घालून पाहू लागला.

धूर आला. जाळ नाही.

त्यानं ढलप्या उपसल्या. जाळी राखेनं तुंबली असेल म्हणून ती खरवडली. पुन्हा रचलं, पुन्हा डोकावला.

धूर.

जळण सर्दावलं असेल. माळ्यावरून कोरडं आणलं. नळीत काजळी धरली असेल. काठीला चिंधी बांधून ती झाडली. मग रॉकेल शिंपडलं. भपका उठला, त्याच्या भुवया होरपळल्या आणि बंब पुन्हा गार. प्रत्येक वेळी धूर जरा दाटला की त्याला राहवायचं नाही. पेटलं का? अर्धवट धुमसणाऱ्या ढलप्या चिमट्यानं बाहेर, फुंकर, पुन्हा आत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते याच्याकडे बघून म्हणावं.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नुसतं धुराचं नव्हतं. घरी गेलं की थोरला भाऊ विचारणार, काय मिळवलंस? आणि याला साधा बंबसुद्धा पेटवता येत नाही. त्र्यंबकाला स्वतःची लाज वाटली. लाजेचा लगेच रागही झाला.

बुवा पडवीच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"हा बंबच बिघडलाय!" त्र्यंबक ओरडला.

"आसंल..."

"तुम्ही नुसते बघत काय बसलात? काहीतरी सांगा!"

"जळण आत सोड आन् घागर घे. झऱ्यावरनं पाणी आण. वरनं गार वतल्याबिगर ह्यातनं ऊन पाणी पडत न्हाई."

"आधी पेटू तर द्या!"

"आण."

त्यानं ढलप्या कशाबशा आत ढकलल्या, चिमटा आपटला आणि घागर घेऊन उतार उतरला. झऱ्यावर शेजारच्या वाडीतली म्हातारी तानाक्का भरल्या घागरीपाशी बसली होती. हात संधिवातानं वाकडे झालेले.

"लेकरा, एवढी घागर चढावर आणून देतूस का? मला उचलंना."

"आज नाही, आक्का. घाई आहे," तो म्हणाला. आपली घागर भरून खांद्यावर घेतली आणि धापा टाकत वर आला.

पडवीत पाऊल टाकलं आणि थबकला.

नळीत जाळ घुमत होता. बंबाला हात लाववेना, इतका तो तापू लागला होता. बुवा उंबऱ्यावर होते तसेच होते. घोंगडीतून हातसुद्धा बाहेर काढलेला नव्हता.

"काय केलंत तुम्ही?"

"तुला पाण्याला धाडलं."

त्र्यंबक जाळाकडे बघत राहिला. खाली घाटात एसटीचा हॉर्न वाजला. दुसऱ्या वळणावर पुन्हा वाजला, मग लांब गेला. त्याचे पाय हलले नाहीत.

तो बोलला तेव्हा आवाजातला ताठा गेला होता.

"बुवा... बंबापासून मला लांब धाडलंत. पण मी माझ्यापासूनच लांब जायचं, तर कुठं जाऊ?"

बुवा उठले. त्याच्या खांद्यावरची घागर उतरवून त्यांनी भिंतीशी ठेवली.

"झऱ्यावर कोण हुतं?"

"तानाक्का होती. घागर चढावर आणून दे म्हणत होती."

"मग?"

"म्हटलं... घाई आहे."

बुवांनी त्याचे रिकामे झालेले हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि सोडून दिले.

"आजून तिथंच आसंल ती."